सहा आठवड्यांचं अपंगत्व

गेल्या फेब्रुवारीत भाचीचा फोन आला तो अगदी अवेळी. आमच्याकडे सकाळचे साडेदहा, म्हणजे तिच्याकडे रात्रीचे अकरा. ती अमेरिकेत मिडवेस्टातल्या एका विद्यापीठात एम.एस. करते. एरवी तिचा फोन रविवारी यायचा. हा होता मंगळवार.

"मावशी, घाबरू नकोस हं. आणि आईला लगेच सांगू नकोस."

अशी सुरुवात ऐकून न घाबरणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. कुकर बंद केला आणि खाली बसले. झालं होतं एवढंच, की लायब्ररीतून परतताना काळ्या बर्फावरून (म्हणजे रस्त्यावर काचेसारखा पातळ थर असतो ना, दिसत नाही तो) पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर. सहा आठवडे. तीन आठवड्यांवर मिड-टर्म.

"मग प्रोफेसरांना सांगितलंस का?"

"सांगितलं. ते म्हणाले, डिसॅबिलिटी ऑफिसला जा." मग जरा थांबून, "मावशी, मी काय अपंग आहे का?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. "अगं, सहा आठवड्यांचा तर प्रश्न" असलं काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यात राहिला. एक तर तो प्रश्न मी स्वतःही एकदा विचारला होता, तो किस्सा पुढे येईलच. आणि दुसरं म्हणजे, विद्यापीठात मोडलेल्या हाताचं काय करायचं ते ठरवणारं ऑफिस मुळात कुठून आलं, हे शोधायला बसले आणि दोन आठवडे त्यातच गेले. आमच्या घरी त्या दिवसांत बऱ्याचदा खिचडी होती, हे घरचे मंडळी वाचत आहेत म्हणून आधीच कबूल करते.

तर गोष्ट सुरू होते, गंमत म्हणजे, एका इस्पितळात. दोन इस्पितळांत म्हणायला हवं.

पहिलं इलिनॉय राज्यातल्या गेल्सबर्ग गावचं. दुसऱ्या महायुद्धात तिथे लष्करी इस्पितळ होतं. युद्ध संपलं, सैनिक परतले, सरकारने त्यांच्या शिक्षणाचा खर्च उचलला, आणि विद्यापीठांना जागा पुरेनात. इलिनॉय विद्यापीठाने त्या रिकाम्या इस्पितळात एक शाखा काढली. इस्पितळच असल्यामुळे तिथे उतार होते, रुंद दारं होती. तिथे १९४८ साली टिमथी न्यूजेंट नावाच्या तरुण माणसाने व्हीलचेअरवरच्या विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम सुरू केला. वर्षभरात, १९४९ मध्ये, सरकारने ती शाखाच बंद करायचं ठरवलं. तेव्हा ही मुलं थेट राज्याच्या राजधानीत, स्प्रिंगफील्डला जाऊन धडकली. शाखा वाचली नाही, पण कार्यक्रम अर्बाना-शॅम्पेनच्या मुख्य आवारात हलवायला परवानगी मिळाली. तीही प्रयोग म्हणून.

न्यूजेंट मोठा कडक माणूस. कुणी दुसऱ्याची व्हीलचेअर ढकललेली त्याला खपायची नाही. प्रवेश हवा तर आपली कामं आपण करून दाखवायची. लिफ्ट असलेल्या बस, उतार, व्हीलचेअर बास्केटबॉल, हे सगळं त्याने आणलं. पण ज्याला कपडे घालायलाही माणूस लागतो, त्याला त्या दारातून आत जाता येत नव्हतं.

अशा माणसासाठी दार उघडलं ते दुसऱ्या इस्पितळात. कॅलिफोर्नियातलं बर्कले. एड रॉबर्ट्स या मुलाला १९५३ मध्ये, चौदाव्या वर्षी पोलिओ झाला आणि मानेखालचं शरीर जवळजवळ सगळं गेलं. रात्री आयर्न लंगमध्ये, म्हणजे श्वास देणाऱ्या त्या लोखंडी नळकांड्यात झोपावं लागे. शाळा त्याने फोनवरून केली. शेवटी शाळा म्हणाली, तुझं पीटी आणि ड्रायव्हिंगचं शिक्षण राहिलंय, डिप्लोमा कसा देणार! (हसू नका, आपल्याकडेही असे हेडमास्तर आहेत.) त्याच्या आईने भांडून तो मिळवला. पुढे १९६२ मध्ये तो बर्कलेला आला, तेव्हा प्रश्न पडला ठेवायचं कुठे. आयर्न लंगचं वजन साडेतीनशे किलोच्या वर. वसतिगृहाची जमीन ते पेलणार नाही. तेव्हा विद्यार्थी-आरोग्य विभागाच्या डॉक्टरांनी तोड काढली, की आवारातल्या कॉवेल इस्पितळात एक खोली द्यायची. हे इस्पितळ म्हणजे विद्यार्थ्यांना ताप आला, हात मोडला, अपेंडिक्स झालं, तर चार दिवस ठेवायची जागा.

म्हणजे बघा, पहिला कायमचा अपंग विद्यार्थी तिथे राहिला तो तात्पुरत्या आजाऱ्यांच्या घरात, पाहुणा म्हणून.

पुढच्या वर्षी दुसरा आला. मग आणखी. दशक संपता संपता एका मजल्यावर दहा-बारा जण झाले. स्वतःला ते ‘रोलिंग क्वाड्स’ म्हणायचे. आणि त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. आपण आजारी नाही. तरीही इस्पितळात राहतो, डॉक्टर-नर्स आपलं वेळापत्रक ठरवतात, पुनर्वसन खात्याचा अधिकारी आपण शिकण्यालायक आहोत की नाही ते ठरवतो. आजारी माणूस बरा व्हायची वाट बघतो. आम्ही कशाची वाट बघायची?

सरकारी अनुदान मिळवून १९७० मध्ये त्यांनी आपलं ऑफिस काढलं. ते इस्पितळात नव्हतं, त्याच्या बाहेर होतं. हे महत्त्वाचं. त्या ऑफिसात मदतनीस शोधून मिळायचे, व्हीलचेअर दुरुस्त व्हायची, राहायला जागा बघून मिळायची. चालवणारे बहुतेक स्वतःच अपंग. थोड्याच दिवसांत विद्यापीठात न शिकणारे, गावातले अपंग लोकही तिथे यायला लागले. त्यांना नाही कसं म्हणायचं? म्हणून १९७२ मध्ये गावासाठी वेगळं केंद्र निघालं. कुणाला आत घ्यायचं, हा प्रश्न त्या दाराला पहिल्या दोन वर्षांतच पडलेला होता.

एक तळटीपेसारखी गोष्ट राहावत नाही म्हणून सांगते. ज्या पुनर्वसन खात्याने रॉबर्ट्सला ‘हा कधी कमावता होणार नाही’ म्हणून आधी मदत नाकारली होती, त्याच कॅलिफोर्नियाच्या खात्याचा तो १९७५ मध्ये संचालक झाला.

आता कायद्याकडे येऊ. कंटाळू नका, मोडलेलं मनगट इथेच अडकतं.

अमेरिकेत १९७३ मध्ये पुनर्वसन कायदा झाला. त्यात ५०४ नंबरचं एक छोटंसं कलम होतं, की सरकारी पैसा घेणाऱ्या कुठल्याही संस्थेला अपंगत्वाच्या कारणावरून भेदभाव करता येणार नाही. शब्दरचना सरळ १९६४ च्या नागरी हक्क कायद्यावरून उचललेली. कलम झालं, पण नियम काही निघेनात. चार वर्षं. शेवटी एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत सुमारे दीडशे अपंग माणसं आणि त्यांचे साथीदार घुसून बसले आणि तीन आठवड्यांहून जास्त दिवस हललेच नाहीत. ज्युडी ह्यूमन त्यांच्या पुढाऱ्यांपैकी एक. बाहेरून गरम जेवण आणून देत होते ब्लॅक पँथर पक्षाचे लोक. २८ एप्रिलला मंत्र्यांनी नियमांवर सही केली.

त्या नियमांत कॉलेज-विद्यापीठांसाठी एक स्वतंत्र भाग होता. परीक्षेची पद्धत बदलून देणं, अभ्यासक्रमाला जास्त मुदत देणं, मदतीची साधनं पुरवणं, हे सगळं त्यात आलं. आज विद्यापीठाविद्यापीठांत जी ऑफिसं आहेत, त्यांचा कायदेशीर पाया हा.

पण त्याच्या दोन वर्षं आधी, १९७५ मध्ये, शिक्षणातल्या स्त्री-पुरुष समानतेचे नियम निघाले होते, त्यांत मला एक वाक्य सापडलं आणि मी उडालेच. गरोदर विद्यार्थिनीला वैद्यकीय सोयी-सवलतींच्या बाबतीत ‘इतर कुठल्याही तात्पुरत्या अपंगत्वा’सारखंच वागवावं, अशा अर्थाचं ते वाक्य आहे. म्हणजे ‘तात्पुरतं अपंगत्व’ हा शब्द विद्यापीठांच्या नियमांत ५०४ च्या नियमांआधीच येऊन बसला होता. बायकांच्या मागच्या दाराने! पण गंमत अशी, की गरोदर मुलीला ‘इतर तात्पुरत्या अपंगांसारखं’ वागवा म्हणायचं, तर त्या इतरांना काय मिळायचं ते त्या नियमांत कुठे होतं? ज्याच्याशी तुलना करायची, तोच माणूस हवेत.

पुढे २६ जुलै १९९० ला थोरल्या बुशनी अमेरिकेच्या मोठ्या अपंग कायद्यावर सही केली. व्याख्या अशी, की आयुष्यातल्या एखाद्या मुख्य क्रियेवर ‘मोठी मर्यादा’ आणणारा दोष म्हणजे अपंगत्व. किती दिवसांचा, ते लिहिलेलं नव्हतं. पण १९९१ मध्ये रोजगारातल्या समानतेचं काम बघणाऱ्या आयोगाने खुलासा काढला, की थोड्या काळाचे, मागे काही न ठेवणारे दोष सहसा यात धरू नयेत. उदाहरणं कोणती? मोडलेले हातपाय, मुरगळलेले सांधे, डोक्याला बसलेला मार, अपेंडिक्स, फ्लू.

म्हणजे अगदी कॉवेल इस्पितळातली रुग्णांची यादी. ज्यांच्या घरात रॉबर्ट्स पाहुणा म्हणून राहिला होता, ते आता रॉबर्ट्सच्या घराबाहेर.

यात कुणाचा दुष्टपणा होता असं मला वाटत नाही. उलट बाजूही समजते. ज्या लोकांनी ‘आम्ही आजारी नाही’ हे सांगण्यात आयुष्य घालवलं, त्यांच्या हक्काच्या कायद्यात फ्लू कसा बसवायचा? सहा आठवड्यांनी चालायला लागणारा माणूस आणि जन्मभर उतार शोधणारा माणूस यांना एकच शब्द वापरला, तर त्या शब्दात उरलं काय? आणि पैसा, माणसं, जागा, सगळंच मोजकं. ही शंका आजही अनेक अपंग लोक बोलून दाखवतात, आणि ती खोटी नाही.

पण न्यायालयं त्या वाटेने फारच पुढे गेली. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की चष्म्याने, औषधाने दोष आटोक्यात येत असेल तर त्याच अवस्थेत मोजा. मग २००२ मध्ये टोयोटाच्या केंटकीतल्या कारखान्यातल्या एका कामगार बाईचा खटला आला. तिचे मनगट-हात कामाने धरले होते. न्यायालयाने एकमताने सांगितलं, की दोषाचा परिणाम ‘कायमचा किंवा दीर्घकाळचा’ हवा, आणि रोजच्या जगण्यातल्या मुख्य कामांत अडचण यायला हवी. दात घासता येतात ना? स्वयंपाक-बागकाम होतं ना? मग झालं. हे खटले नोकरीचे होते, पण व्याख्या एकच. त्यामुळे विद्यापीठांतही कागद मागण्याची चढाओढ लागली. एरवी ज्यांचं अपंगत्व उघड आहे त्यांनाही शाबीत करत बसावं लागायला लागलं. दार अरुंद केलं की आधीपासून आत असलेल्यांनाही अंग चोरून उभं राहावं लागतं, ते असं.

शेवटी संसदेनेच हात घातला. २५ सप्टेंबर २००८ ला दुरुस्ती कायद्यावर सही झाली, ती धाकट्या बुशची. बापाच्या सहीचा कायदा मुलाने दुरुस्त केला. १ जानेवारी २००९ पासून तो लागू झाला आणि ५०४ ची व्याख्याही त्याबरोबर बदलली. सूर असा, की व्याख्येत बसतो की नाही यावर कीस पाडू नका, सोय दिली की नाही ते बघा. ‘सहा महिने किंवा त्याहून कमी’ ही अट ठेवली, पण एकाच जागी. एखाद्याला लोक अपंग समजून वागवतात म्हणून तो संरक्षण मागत असेल, आणि त्याचा दोष किरकोळ आणि अल्पकाळचा असेल, तर ते मिळणार नाही. ज्याला खरोखरच मोठी मर्यादा आली आहे, त्याला ही अट नाही. २०११ च्या नियमांत हे स्पष्टच लिहिलं, की परिणाम सहा महिन्यांहून कमी टिकला तरी तो ‘मोठी मर्यादा’ असू शकतो.

याची कसोटी लागली २०१४ मध्ये. रोज गाडीने कामावर जाणारा एक माणूस ऑक्टोबर २०११ मध्ये गाडीतून उतरताना पडला. एका पायाचं हाड मोडलं, दुसऱ्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला. दोन्ही पाय गेले. डॉक्टर म्हणाले, किमान सात महिने नीट चालता येणार नाही. त्याने घरून काम मागितलं, त्याला नोकरीवरून काढलं. खालच्या न्यायालयाने सांगितलं, हे तात्पुरतं आहे, अपंगत्व नव्हे. रिचमंडच्या अपील न्यायालयाने ते फिरवलं. तात्पुरता दोषही पुरेसा गंभीर असेल तर तो कायद्यात बसतो, असं म्हणणारं ते पहिलं अपील न्यायालय. म्हणजे महिने मोजण्यापेक्षा, हा माणूस आत्ता काय करू शकत नाही, ते बघा.

त्याच काळात विद्यापीठांत दुसरीकडून बदल येत होता. खेळात डोक्याला मार बसलेल्या मुलांची गोष्ट. १९९१ च्या यादीत डोक्याचा मार फ्लूच्या शेजारी बसला होता. पण २०१० नंतर सगळ्यांना कळायला लागलं, की असा मुलगा बाहेरून ठणठणीत दिसतो, आणि वर्गात त्याला दहा मिनिटं वाचता येत नाही, उजेड सहन होत नाही. त्याला मैदानावर परत कधी सोडायचं हे जसं ठरवतात, तसं वर्गात परत कसं आणायचं, हेही ठरवायला लागले. शिवाय २०१२ मध्ये या ऑफिसांत काम करणाऱ्यांच्या संघटनेने सांगितलं, की आधी विद्यार्थी स्वतःविषयी काय सांगतो ते ऐका, कागद नंतर. आणि करोनानंतर तर ‘तात्पुरतं’ आणि ‘कायमचं’ यांतली रेघच पुसट झाली. बरा कधी होणार ते डॉक्टरही सांगू शकत नाहीत, अशी किती तरी मुलं आली. जुलै २०२१ मध्ये अमेरिकन सरकारनेच सांगितलं, की लाँग कोव्हिड हे अपंगत्व ठरू शकतं, ज्याचं त्याचं बघून ठरवा.

इतर ठिकाणी मात्र घड्याळ अजून भिंतीवर आहे. ब्रिटनच्या २०१० च्या कायद्यात बारा महिने टिकणारं किंवा टिकेलसं वाटणारं तेच अपंगत्व. आपल्याकडच्या २०१६ च्या कायद्यात प्रकार सातांचे एकवीस झाले, पण व्याख्येत ‘दीर्घकालीन’ हा शब्द आहेच, आणि बहुतेक सवलतींना चाळीस टक्क्यांचा दाखला लागतो. ‘दिव्यांग’ म्हणायला लागलो, दाखला तोच. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका उमेदवाराच्या प्रकरणात, ज्याला लिहिताना हाताला पेटके येत, सांगितलं की रायटर द्यायला चाळीस टक्क्यांची अट घालता येणार नाही. त्यावर ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारने नियमावली काढली. मोडलेल्या हाताचं मात्र आपल्याकडे कायद्यापेक्षा परीक्षा घेणाऱ्यांच्या नियमांवर चालत आलंय. प्लास्टर दाखवा, डॉक्टरांचा दाखला आणा, खालच्या इयत्तेतला रायटर घ्या, बसा.

हे मला माहीत आहे, कारण मी बसले आहे.

साल १९९१. टी.वाय.ला होते. मार्चअखेर लुनावरून पडले आणि उजवा हात मोडला. परीक्षा एप्रिलात. कॉलेजच्या ऑफिसात गेले तर खिडकीतल्या माणसाने एक फॉर्म सरकवला. वर लिहिलं होतं, ‘अंध व अपंग विद्यार्थ्यांसाठी’. मी म्हटलं, "अहो, मी अपंग नाहीये." तो मान वर न करता म्हणाला, "मग स्वतः लिहा."

भरला मुकाट्याने. डाव्या हाताने, पहिलीतल्या अक्षरात.

शेजारची अकरावी सायन्सची मुलगी रायटर म्हणून मिळाली. पहिला पेपर म्हणजे फजिती. मी भराभर सांगत सुटले, ती मागे पडत गेली. नावं चुकली, दोन प्रश्न राहिले. बाहेर येऊन रडत बसले होते. आमच्या वर्गात एक मुलगी पूर्ण अंध होती. सगळ्या परीक्षा ती रायटर घेऊनच द्यायची. तीन वर्षं एका वर्गात होतो, पण ‘काय गं, कशी आहेस’ यापुढे मी कधी गेले नव्हते. ती माझ्या आवाजावरून जवळ आली आणि म्हणाली, "बोलणं आणि सांगणं वेगळं असतं. तू बोलतेयस."

मग पायरीवर बसून तिने अर्धा तास मला शिकवलं. उत्तराचे मुद्दे आधी सांगून मार्जिनमध्ये लिहून घ्यायचे. एका वेळी सात-आठ शब्द, मग थांबायचं, पेन थांबल्याचा आवाज ऐकायचा. परकी नावं अक्षर-अक्षर फोडून. शेवटची दहा मिनिटं परत वाचून घ्यायला. आणि रायटरला आदल्या दिवशी घरी बोलावून चहा पाजायचा, तिलाही भीती वाटत असते.

उरलेले पेपर चांगले गेले. माझा फर्स्ट क्लास त्या पायरीवरच्या अर्ध्या तासाचा आहे, हे मी घरीही कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

मे महिन्यात प्लास्टर निघालं. जूनमध्ये ती भेटली. एम.ए.ला बसणार होती. म्हणाली, एक पुस्तक कॅसेटवर वाचून देशील का? तिला बाहेरच्यांनी वाचून दिल्याशिवाय पुस्तक मिळायचंच नाही. दोन कोऱ्या कॅसेटी तिने माझ्या हातात दिल्या. मी "हो हो, नक्की" म्हटलं. मग माझी नोकरी, मग लग्न, मग बदली... तुम्हाला कळलंच असेल. एक पानही वाचलं नाही. कॅसेटीही परत केल्या नाहीत. पुढे तिचं काय झालं, मला माहीत नाही.

मघाची ती ‘उलट बाजू’, म्हणजे तात्पुरत्यांना आत घेऊ नये म्हणणाऱ्यांची, ती मला समजते ती यामुळे. आम्ही येतो, दुसऱ्यांनी भांडून बांधलेला उतार वापरतो आणि प्लास्टर निघालं की मागे वळून बघत नाही. तरीही मला वाटतं, दार उघडंच असावं. परीक्षेच्या दिवशी लिहिता न येणाऱ्या हाताला, पुढल्या महिन्यात लिहिता येणार आहे याचा काडीचा उपयोग नसतो. पेपर त्या दिवशी असतो. आणि दुसरं असं, की त्या फॉर्मवर नाव घातलं नसतं, तर त्या मुलीशी मी जन्मात बोलले नसते.

भाचीला हे सगळं सांगितलं. म्हणजे इलिनॉय-बर्कले जरा आवरतं घेतलं, पण पायरीवरचे पाचही नियम सांगितले. ती गेली शेवटी त्या ऑफिसात. तात्पुरत्यांसाठी वेगळा फॉर्म होता. तिला मिड-टर्मला दीडपट वेळ, बोलून टाइप करायचा संगणक आणि वर्गातल्या एकीच्या नोट्स मिळाल्या. पत्रावर खाली एक तारीख होती, त्या दिवशी सगळ्या सोयी आपोआप बंद. "मावशी, माझ्या शेजारी व्हीलचेअरवरचा मुलगा बसला होता," ती म्हणाली, "त्याच्या पत्रावर तारीख नव्हती. मला कसंतरीच झालं."

मी म्हटलं, झालं ते बरं झालं. विसरू नकोस.

मार्चअखेर तिचं प्लास्टर निघालं. हात पांढरा, बारीक आणि सालपटं निघालेला दिसतोय म्हणून तिने फोटो पाठवला. (ताई, तुला हे सगळं इथूनच कळतंय, याबद्दल आम्ही दोघी दिलगीर आहोत. आता हात उत्तम आहे. ओरडू नकोस.)

त्या दोन कॅसेटी माळ्यावरच्या ट्रंकेत अजून आहेत, परवा वर चढून बघितल्या. वाजवायला यंत्र नाही घरात. आता अंध मुलांसाठी फोनवर रेकॉर्ड करून देता येतं, आमच्या भागातल्या एका ग्रंथालयातल्या बाई अशी नावं गोळा करतात. शनिवारी जाऊन दिलं माझं. पहिलं पुस्तक आलंय, अर्थशास्त्राचं, तीनशे ऐंशी पानी. चौथ्या पानावर आहे. आकृती कशी वाचून दाखवायची, हे मला अजून जमत नाहीये. विचारायला ती पायरीवरची मुलगी हवी होती.

तुमच्यापैकी कुणी कधी रायटर म्हणून बसलं असेल, किंवा रायटर घेऊन परीक्षा दिली असेल, तर जरूर कळवा. आणि आकृती कशा वाचायच्या, तेही.